डोंगरातल्या खासदाराचं पत्र

८ ऑक्टोबर २०२४ ला अमेरिकन काँग्रेसच्या एका रिपब्लिकन सदस्यानं, म्हणजे आपल्या भाषेत खासदारानं, मतदारांसाठी एक जाहीर पत्र काढलं. त्यात त्याला लिहावं लागलं की हेलीन हे चक्रीवादळ सरकारनं तयार केलेलं नाही. हवामान कुणाच्याच हातात नसतं. चिमनी रॉक गावाजवळचं लिथियम लाटता यावं म्हणून कुणी गाव बुडवलेलं नाही. गाव ताब्यात घ्यायला कसलीही खास बैठक झालेली नाही. मदतीचे ट्रक अडवून माल जप्त केला जात नाही. पूरग्रस्तांचा पैसा सीमेवर किंवा परदेशात वळवलेला नाही. आणि ७५० डॉलर हातावर टेकवून सरकार मोकळं झालं, असंही नाही.

खासदाराचं नाव चक एडवर्ड्स, मतदारसंघ नॉर्थ कॅरोलायनाचा ११वा, राज्याच्या पश्चिम टोकाचा डोंगराळ मुलूख. माणूस मॅकडोनाल्ड्‌सच्या फ्रँचायझी चालवणारा व्यावसायिक, आधी राज्याच्या सिनेटमध्ये होता, २०२२ साली पक्षांतर्गत निवडणुकीत मॅडिसन कॉथॉर्न या बोलघेवड्या तरुण खासदाराला हरवून वॉशिंग्टनला गेला. धर्म, बंदूक, कमी कर, छोटं सरकार असा सगळा पुराणमतवादी ऐवज जवळ बाळगणारा. डावीकडं झुकल्याचा आरोप त्याच्यावर कुणी करणार नाही.

लोकप्रतिनिधींची मतदारांना पाठवलेली पत्रं वाचायची मला सवय आहे. विचित्र छंद आहे, मान्य. पण जगभर त्यांचा साचा एकच असतो. आपल्याकडं त्याला ‘कार्य अहवाल’ म्हणतात आणि तो गुळगुळीत कागदावर छापतात, तिकडं ते ई-मेलनं येतं. पहिल्या परिच्छेदात आपल्या भागातल्या लोकांच्या जिद्दीचं कौतुक, दुसऱ्यात राजधानीतल्या विरोधकांचा उद्धार, तिसऱ्यात मी काय काय केलं त्याची यादी. संकटानंतर पहिला परिच्छेद लांबतो, एवढाच काय तो फरक. एडवर्ड्सचं पत्रही शेजारधर्माच्या कौतुकानंच सुरू होतं. फेमा या केंद्रीय आपत्ती यंत्रणेच्या कामात उणिवा राहिल्या, हेही त्यात आहे. पण त्यापुढं अफवांचा एकेक मुद्दा घेऊन त्यानं तो निकालात काढला, आणि त्यातले बरेचसे मुद्दे त्याच्याच पक्षाच्या व्यासपीठांवरून फिरत होते.

अशा पत्राची किंमत कौतुकावरून ठरवू नये, असं माझं मत आहे. आपल्याच गोटाला न परवडणारं एखादं वाक्य त्यात आहे का, ते शोधावं. एडवर्ड्सच्या पत्रात अशी डझनभर वाक्यं होती. म्हणूनच त्या डोंगरातल्या त्याच्या पक्षाच्या बाकीच्या लोकप्रतिनिधींनाही तीच फूटपट्टी लावावी लागते, आणि तिथं हिशेब जुळत नाही.

आधी तिथं झालं काय, ते पाहू. हेलीन २६ सप्टेंबरच्या रात्री फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर चौथ्या श्रेणीचं वादळ म्हणून आदळलं. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या या डोंगरांना वाऱ्याची फारशी धास्ती नव्हती. पण आधीचे दोन दिवस पाऊस पडून जमीन तुडुंब भिजलेली होती, आणि त्यावर २७ तारखेच्या सकाळी वादळाचा पाऊस कोसळला. फ्रेंच ब्रॉड आणि स्वॉननोआ या नद्यांनी १९१६ च्या पुराच्या खुणा मागं टाकल्या. हा १९१६ चा पूर तिथल्या लोकांना आपल्याकडच्या पानशेतसारखा. पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जाणारा. एकट्या नॉर्थ कॅरोलायनात शंभराहून जास्त माणसं गेली. ॲशव्हिल हे तिथलं मोठं शहर, हवामानबदलाच्या काळात सुरक्षित जागा म्हणून नावाजलेलं. उष्ण आणि वादळी राज्यांतली पेन्शनर मंडळी तिथं घरं घेत होती. त्या डोंगरी भागात पुराचा विमा शंभरात एका घराकडंही जेमतेम होता.

चिमनी रॉक हे तर दीडशेच्या आतबाहेर वस्तीचं खेडं. एक रस्ता, रस्त्याकडेला पर्यटकांसाठी दुकानं, दुकानांच्या पाठीला ब्रॉड नदी. नदीनं रस्ता, दुकानं आणि पूल उचलून खाली लेक लूर तलावात नेऊन टाकले. गाव जवळजवळ नकाशावरून पुसलं गेल्यावर लोकांना कारण हवं होतं, आणि पाऊस हे कारण फार साधं वाटत होतं. त्या राज्यात लिथियम आहे हे खरं, पण त्याचा पट्टा बराच खाली, किंग्ज माउंटनच्या बाजूला. अफवेला एवढा धागाही पुरतो.

७५० डॉलरची अफवा मराठी वाचकाला लगेच कळेल. ती रक्कम म्हणजे आपल्याकडच्या सानुग्रह अनुदानासारखी, अन्न, औषध, बाळाचं दूध यांसाठी तातडीनं मिळणारी. घराचं नुकसान, भाडं, दुरुस्ती यांचे अर्ज वेगळे असतात आणि त्यांचे पैसे मागून येतात. आपल्याकडंही तलाठी पंचनाम्याला यायच्या आत ‘एवढ्यावरच बोळवण करणार’ अशी बोंब उठते, आणि पुढचे कागद नीट न दिल्यामुळं माणसं खऱ्या भरपाईला मुकतात. तिकडं त्यावर आणखी एक पदर चढला: पैसे घेतले तर सरकार घर जप्त करेल. ज्याचं घर उभं राहिलंय अशा माणसाला अर्जापासून पळवून लावायला हे पुरेसं आहे. म्हणूनच एडवर्ड्सनं स्पष्ट लिहिलं की फेमाला तुमची जमीन किंवा मालमत्ता घेता येत नाही. त्या आठवड्यात त्याच्या मतदारांना याहून उपयोगी दुसरं वाक्य कुठल्या पुढाऱ्यानं दिलं असेल, असं मला वाटत नाही.

आता तारखा बघा. अध्यक्षपदाचं मतदान ५ नोव्हेंबरला होतं, चार आठवड्यांवर. नॉर्थ कॅरोलायना हे अटीतटीचं राज्य. पक्षाचे उमेदवार डोनाल्ड ट्रम्प सभांमधून सांगत होते की फेमाचा पैसा बेकायदा स्थलांतरितांवर खर्च झाला. जॉर्जियाच्या रिपब्लिकन खासदार मार्जोरी टेलर ग्रीन यांनी ३ ऑक्टोबरला लिहून टाकलं होतं की ‘त्यांना’ हवामान काबूत ठेवता येतं. अशा वेळी त्याच पक्षाच्या खासदारानं स्वतःच्या शिक्क्याच्या कागदावर हे दोन्ही खोडून काढलं. नाव मात्र कुणाचं घेतलं नाही. हे अर्धं धाडस झालं, असं म्हणता येईल, आणि मीही तसंच म्हणतो. पण उरलेल्या अर्ध्यासाठी थांबणाऱ्यांना राजकारणात सहसा काहीच मिळत नाही. तो नोव्हेंबरात पुन्हा निवडूनही आला, हेही नोंदवून ठेवायला हवं. ‘खरं बोललो तर मतं जातील’ ही सबब त्या एका मतदारसंघात तरी टिकली नाही.

पत्रानंतर चारच दिवसांनी, १२ ऑक्टोबरला, लेक लूरच्या परिसरात एका सशस्त्र माणसाला फेमाच्या कर्मचाऱ्यांना धमकावल्याच्या संशयावरून अटक झाली. दारोदार जाऊन अर्ज भरून घेणारी पथकं काही काळ मागं घेऊन ठराविक जागी बसवावी लागली. म्हणजे ज्या म्हाताऱ्या बाईचा पूल वाहून गेलाय, तिनं आता केंद्रापर्यंत यायचं. अफवेची किंमत अशी पायी चालून चुकवावी लागते.

इथं एक गोष्ट माझ्या बाजूला न परवडणारी. केंद्रीय यंत्रणेवरचा अविश्वास सगळाच हवेतून आलेला नव्हता. त्याच हंगामात फ्लोरिडात फेमाच्या एका पर्यवेक्षिकेनं ट्रम्प यांच्या पाट्या लावलेली घरं टाळायला सांगितलं, आणि नोव्हेंबरात तिची नोकरी गेली. डोंगरातल्या रिपब्लिकन मतदाराला ही बातमी वाचून ‘बघा, म्हणत होतो ना’ असं वाटलं असेल तर त्याला दोष देता येत नाही. यंत्रणेनं दिलेली एक खरी जखम दहा खोट्या गोष्टींना पुरते.

आता त्या पहिल्या परिच्छेदाकडं, लोकांच्या जिद्दीच्या कौतुकाकडं येऊ. ते खोटं नव्हतं. रस्ते तुटले तेव्हा खेचरांच्या पाठीवर औषधं लादून लोक दऱ्यांमध्ये गेले. चर्चच्या तळघरांत स्वयंपाक सुरू झाले. गावोगावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलांनी आणि घरची साखळी-करवत घेऊन निघालेल्या माणसांनी पडलेली झाडं कापून वाटा मोकळ्या केल्या. फोन बंद, वीज बंद, सरकार कुठं आहे ते कुणालाच माहीत नाही, अशा पहिल्या दोन-तीन दिवसांत माणूस वाचतो तो शेजाऱ्यामुळं. पुराणमतवादी विचारातला हा भाग मला पूर्ण पटतो. जे जवळ आहे ते आधी पोचतं. राजधानीतून निघालेली मदत येते तेव्हा शेजारी तिथं आधीच उभा असतो.

पण ॲशव्हिलच्या नळाकडं बघा. शहराला पाणी पुरवणाऱ्या नॉर्थ फोर्क जलाशयाच्या मुख्य वाहिन्या पुरात गेल्या. २००४ च्या पुरात असंच झालं होतं, म्हणून त्यानंतर मुद्दाम एक पर्यायी वाहिनी खोलवर पुरली होती. ती पण गेली. वाहिन्या जोडल्यावरही जलाशयाचं पाणी इतकं गढूळ होतं की ते शुद्धच होईना. पिण्याजोगं पाणी नळाला आलं ते १८ नोव्हेंबरला, जवळजवळ आठ आठवड्यांनी. या काळात लोक ओढ्याचं पाणी बादल्यांनी आणून संडासात ओतत होते, आणि म्हाताऱ्यांच्या फ्लॅटमध्ये जिने चढून तेच पाणी ओतणारे स्वयंसेवक होते. ही जिद्दच. पण बादली जिद्दीनं उचलता येते, जलवाहिनी जिद्दीनं घालता येत नाही. तिला कर्जरोखे, इंजिनिअर आणि केंद्राचा पैसा लागतो.

मुंबईकरांना ‘स्पिरिट’ हा शब्द का झोंबतो ते आठवा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, माणसं छातीभर पाण्यातून चालत घरी गेली, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या स्पिरिटचे गोडवे सुरू झाले. मिठी नदीत भराव कुणी घातला हा प्रश्न त्या गोडव्यांखाली बराच काळ दबून राहिला. कौतुक हे असं एक झाकण असतं.

नॉर्थ कॅरोलायनात त्या झाकणाखाली काय होतं? एक नकाशा होता. २००४ मध्ये दोन वादळांनी याच डोंगरांत दरडी कोसळून माणसं मेली. त्यानंतर राज्याच्या विधिमंडळानं पश्चिमेच्या जिल्ह्यांमध्ये दरडप्रवण उतारांचे नकाशे करायला पैसे दिले. भूशास्त्रज्ञांची छोटी तुकडी कामाला लागली, चार जिल्ह्यांचे नकाशे झाले. उतारावर घर बांधण्याआधी तो बघता येईल, एवढाच त्याचा उपयोग. बिल्डर आणि जमीन विकणारे यांना तो आवडला नाही. ज्या प्लॉटवर लाल रंग पडतो त्याचा भाव पडतो. २०११ मध्ये रिपब्लिकन बहुमताच्या नव्या विधिमंडळानं पैसे बंद केले आणि तुकडी घरी बसवली. काम पुन्हा सुरू झालं २०१८ मध्ये. हेलीननंतर अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणानं या टापूत दोन हजारांहून जास्त दरडी मोजल्या.

पुढचं प्रकरण मला जास्त खटकतं. त्यात माणसं वाईट नाहीत, म्हणूनच खटकतं.

नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत राज्यपालपद डेमोक्रॅट जॉश स्टाइन यांनी जिंकलं. रिपब्लिकनांच्या हाती विधिमंडळ होतं, पण राज्यपालांचा व्हेटो मोडून काढण्याइतकं बहुमत जानेवारीपासून जाणार होतं. म्हणून त्यांनी उरलेल्या आठवड्यांत १३१ पानांचं एक विधेयक पुढं आणलं. नावात ‘आपत्ती निवारण’. सुरुवातीची थोडी पानं हेलीनबद्दल, त्यात २२.७ कोटी डॉलर मदतनिधीत वळवलेले, पण विधिमंडळ पुन्हा ठरवेपर्यंत खर्च न करण्याच्या बोलीवर. बाकीच्या पानांत येणाऱ्या राज्यपालांचे आणि ॲटर्नी जनरलचे अधिकार छाटलेले. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे राज्याच्या निवडणूक मंडळावरच्या नेमणुका राज्यपालांकडून काढून राज्याच्या लेखापरीक्षकाकडं दिलेल्या. लेखापरीक्षकाचं पद नुकतंच रिपब्लिकनांनी जिंकलं होतं, हे सांगायला नको.

१९ नोव्हेंबरला सभागृहात पहिलं मतदान झालं तेव्हा तीन रिपब्लिकन आमदारांनी विरोधात मत दिलं: माइक क्लॅम्पिट, कार्ल गिलेस्पी आणि मार्क प्लेस. तिघंही पश्चिमेच्या डोंगरांतले, पूर पाहिलेले. पक्षाला आणि राजधानी रॅलेला त्यांनी त्या दिवशी गावातून उत्तर दिलं. मावळते राज्यपाल रॉय कूपर यांनी व्हेटो वापरला. ११ डिसेंबरला व्हेटो मोडायचं मतदान आलं. या वेळी तिघांनीही ‘हो’ म्हटलं. निकाल ७२ विरुद्ध ४६. व्हेटो मोडायला हजर सदस्यांची तीन पंचमांश मतं लागतात, म्हणजे त्या दिवशी ७१. हे तिघं नोव्हेंबरातल्या मतावर राहिले असते तर आकडा ६९ वर थांबला असता.

तीन आठवड्यांत विधेयकातलं एक पानही बदललं नव्हतं. मार्च २०२५ मध्ये याच विधिमंडळानं सुमारे ५२ कोटी डॉलरचा वेगळा मदत कायदा केला, तो दोन्ही पक्षांच्या मतांनी झाला, हे त्यांच्या खात्यात जमा करावं. पण मग हेही सिद्ध होतं की मदत निवडणूक मंडळाशी न बांधता देता येत होती. डिसेंबरात ती बांधली, कारण पुरग्रस्तांच्या नावाखाली बाकीचं सहज खपतं. ‘जवळचं आधी’ हे ज्यांच्या विचाराचं पहिलं कलम, त्यांनी त्या दिवशी डोंगर सोडून रॅलेची बाजू घेतली. यात विचार हरला की पक्षाची शिस्त जिंकली, यावर कुणी शब्दांचा कीस पाडावा. हेवुड किंवा मेकन या त्यांच्याच मतदारसंघांतल्या काउंटीतल्या, म्हणजे जिल्ह्यातल्या, माणसाला दोन्ही सारखंच.

कुणी म्हणेल, सांगली-कोल्हापूरच्या पुराबद्दल आपल्या आमदारांनी काय दिवे लावले? बरोबर आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये धान्याच्या पाकिटांवर मुख्यमंत्र्यांचे आणि आमदाराचे फोटो चिकटवलेले साऱ्या महाराष्ट्रानं पाहिले. माझ्या मावशीनं असलं एक पाकीट शिबिरातून आणलं होतं. घरात अजून गुडघाभर गाळ, आणि ती ओल्या बोटांनी स्टिकर निघतंय का बघत होती, पिशवी दळणाला वापरायची म्हणून. पण त्याहून अवघड परीक्षा वेगळी आहे. कृष्णाकाठच्या कुठल्याही सभेत ‘आलमट्टी’ म्हटलं की टाळ्या पडतात. पूर कर्नाटकनं आणला, हे ऐकायला सोपं जातं. वडनेरे समितीनं २०२० च्या अहवालात २०१९ च्या महापुराचं खापर आलमट्टीवर फोडलं नाही. प्रचंड पाऊस आणि नदीपात्रातली, पूररेषेतली अतिक्रमणं यांकडं बोट दाखवलं. काठावरच्या कृती समित्यांना ते मान्य नाही, आणि त्यांच्या शंका त्यांनी जरूर मांडाव्यात. पण निळ्या पूररेषेच्या आत, जिथं बांधकामाला मनाई असते तिथं, कुणाकुणाचे लेआउट मंजूर झाले ते आपल्या मतदारांना नावगावासह लिहून कळवणारा आमदार मी अजून पाहिलेला नाही. तो कुठल्याही पक्षाचा असो. एडवर्ड्सचं पत्र मला म्हणूनच टोचतं.

त्याच्याकडं परत जातो. २४ जानेवारी २०२५ ला ट्रम्प अध्यक्ष म्हणून याच भागात आले आणि फेमाच बंद करण्याची भाषा करून गेले. मार्चमध्ये पक्षाच्या प्रचार समितीनं रिपब्लिकन खासदारांना सल्ला दिला की मतदारांच्या खुल्या सभा घेऊ नका, गोंधळ होतो. तरीही १३ मार्चला एडवर्ड्सनं ॲशव्हिलमध्ये सभा घेतली. सभागृह भरलं, बाहेर शेकडो लोक उभे, आत हुर्यो, मधेच आरडाओरडा, एका माणसाला बाहेर काढावं लागलं. त्याची बरीच उत्तरं मला पटत नाहीत. केंद्रातली नोकरकपात आणि अध्यक्षांचं समर्थन तो करत राहिला, आणि लोक त्याला ओरडत राहिले. पण तो माइकसमोर होता.

पुढच्या महिन्यात, एप्रिलमध्ये, पुराचा राडारोडा उचलायचा शंभर टक्के खर्च केंद्रानं आणखी काही काळ द्यावा ही राज्याची मागणी फेमानं फेटाळली. या वेळी व्हाइट हाउसमध्ये बायडन नव्हते. राजधानीला शिव्या घालायच्या तर त्या आपल्याच माणसाला बसणार होत्या.

पिजन नदीच्या घळीतून टेनेसीकडं जाणारा चाळीस नंबरचा महामार्ग पुरात नदीच्या बाजूनं खचून गेला होता. पाच महिने ट्रक लांबच्या वळणानं जात होते. १ मार्च २०२५ ला तो पुन्हा उघडला, दोन्ही दिशांना एकेक लेन, मधे काँक्रीटचा कठडा, ताशी ३५ मैलांची मर्यादा. डोंगरात खिळे ठोकून ती लेन उभी राहिली, आणि खर्चाचा मोठा वाटा केंद्राच्या तिजोरीचा. त्या घळीच्या तोंडाशी हेवुड काउंटी आहे, डिसेंबरात मत फिरवलेल्या आमदारांपैकी एकाचा मतदारसंघ. मतदारांना लिहिलेल्या त्याच्या पुढच्या पत्रात या लेनचा उल्लेख असेलच. ती कुणाच्या पैशानं झाली हे वाक्य त्यात आहे का, तेवढं मला वाचायचंय.